ऊद : नाव एक, माल अनेक

दुकानात रोज उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांपैकी काही शब्द असे असतात की, त्यांचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे असे सर्वजण गृहीत धरून चालतात, आणि म्हणूनच तो कोणी कोणास विचारीत नाही. 'ऊद' हा अशा शब्दांपैकी एक होय. गुरुवारी ऊददाणी हाती घेऊन फकीर पेठेतून फिरतो आणि प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यावर धूर दाखवून पुढे जातो, तो ऊद. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपांबरोबर निखाऱ्यावर पडतो, तोही ऊद. तिन्हीसांजेला धुपाटण्यात टाकावयाचा, दिगंबर मंदिरांत भाद्रपदातील सुगंधदशमीच्या धुपात मिसळावयाचा, आणि गोव्याच्या चर्चमध्ये साखळीच्या धूपपात्रातून दरवळणाऱ्या मिश्रणातही पुष्कळदा असणारा, तोही ऊदच. उदबत्ती तर त्याचेच नाव घेऊन जन्मास आली.

परंतु पुडीत जे असते ते काय असते? येथे मात्र मोठा गोंधळ आहे. 'ऊद', 'लोबान' व 'धूप' या तीन शब्दांच्या आश्रयाने बाजारात किमान पाच निरनिराळ्या जिनसा विकल्या जातात. त्यांची झाडे वेगळी, देश वेगळे, गुण वेगळे, आणि भावांत तर जमीनअस्मानाचे अंतर. या गोंधळाचा लाभ घेणारे घेतात. पण त्याहून अधिक मोठा वर्ग अशांचा आहे की, जे मनात काही कपट न धरता, केवळ पूर्वापार नाव चालत आले म्हणून एका मालाच्या नावाने दुसरा माल देतात व घेतात. या लेखात आम्ही खऱ्या उदाची, म्हणजे इंग्रजीत ज्यास बेंझॉइन म्हणतात त्या राळेची, हकिकत सांगणार आहोत. सुगंधी द्रव्यांचे कारखानदार आज याच राळेचा अर्क विकत घेतात, आणि तिच्या नावाची व प्रतीची शहानिशा करून घेतात. आपणही ती करावी असे आम्हांस वाटते.

प्रथम नावांचा उलगडा करू. 'ऊद' हा शब्द अरबी. मूळ भाषेत त्याचा अर्थ साधे लाकूड, आणि विशेष अर्थ अगरूचे सुगंधी लाकूड. अरब व्यापाऱ्यांबरोबर तो आपल्याकडे आला, आणि मराठीत येईतो अगरू मागे पडून बेंझॉइनच्या खड्यास चिकटला. हैदराबादच्या बारकस भागात, जेथे हद्रमौतहून आलेली अरब घराणी कित्येक पिढ्या नांदत आहेत, तेथे मात्र 'ऊद' म्हटले की आजही अगरूच समजतात. तेव्हा बेळगावच्या व्यापाऱ्याने हैदराबादेस नुसते 'ऊद पाठवा' असे कळविले, तर उलट टपाली येणारा भाव पाहून त्यास घेरी यावयाची. अगरूचे लाकूड हे जगातील अत्यंत महाग सुगंधी द्रव्यांपैकी एक असून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे निर्बंध आहेत.

'लोबान' या शब्दाची गोष्ट याहूनही गमतीची आहे. अरबी 'लुबान' म्हणजे दुधासारखे पांढरे. आणि ते नाव होते ओमान व सोमालिया येथील कुंदुराचे. पुढे सुमात्रा बेटातून एक नवी राळ येऊ लागली. अरब लोक त्या बेटासही जावाच म्हणत, म्हणून या राळेस त्यांनी 'लुबान जावी' म्हटले. चौदाव्या शतकात सुमात्रेस गेलेल्या इब्न बतूताने हेच नाव नमूद केले आहे. हिंदुस्थानात आल्यावर त्यातील 'जावी' गळाले व 'लोबान' उरले. युरोपात नेमके उलट झाले. तेथील लोकांनी 'लु' हा केवळ उपपद समजून टाकून दिला आणि 'बानजावी'चे बेंजुई, बेंजॉइम, बेंझॉइन असे करीत गेले. एकाच नावाचे दोन तुकडे झाले. पूर्वार्ध आपल्या वाट्यास आला, उत्तरार्ध त्यांच्या. म्हणून आज अरबस्तानात 'लुबान' मागितले तर कुंदुर मिळतो, आणि आपल्याकडे 'लोबान' मागितले तर बहुधा बेंझॉइन, क्वचित कुंदुर, आणि दुकानदार कमी जाणकार असेल तर सातपुड्यातील सालईचा डिंक. सालई ही कुंदुराचीच बहीण. उत्तम जिन्नस आहे, पण ती ऊद नव्हे. शिलारसाची गोष्ट तर त्याहून विचित्र. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या कुळास स्टायरॅक्स म्हणतात त्या कुळातून ऊद येतो, आणि व्यापारी ज्यास स्टायरॅक्स म्हणतात तो शिलारस अगदीच निराळ्या झाडाचा. विलायती दरपत्रक वाचताना हे ध्यानात न ठेवल्यास फसगत ठरलेली.

आता खऱ्या उदाकडे वळू. त्याच्या मुख्य प्रती दोन, सुमात्री व सयामी. आणि त्या दोन निरनिराळ्या जातींच्या झाडांपासून होतात.

सुमात्रेच्या उत्तर भागात तापानुलीच्या डोंगराळ मुलखात बाताक लोक राहतात. त्यांच्या भाषेत या झाडास व राळेस 'हामिंजोन' म्हणतात. हे झाड रानात आपोआप उगवते तसे लावलेही जाते. बाताकांच्या ऊदबागा कित्येक पिढ्यांच्या आहेत, आणि दुरून पाहणाऱ्यास त्या जंगलच वाटतात, कारण इतर झाडे तोडून मैदान करण्याची त्यांची रीत नाही. या झाडाविषयी एक गोष्ट व्यापाऱ्याने अवश्य जाणून घ्यावी. धडधाकट झाडाच्या सालीत ऊद नसतो. नारळात पाणी असते किंवा रुईत चीक असतो, तसा तो आधीपासून भरलेला नसतो. झाडास जखम झाली म्हणजे ती भरून काढण्यासाठी झाड तो निर्माण करते. म्हणून जखम किती व कशी करावयाची यातच सारे कसब आहे. बाताक शेतकरी 'गुरिस' नावाच्या खरवडणीने खोड साफ करतो, मग 'पानुक्तुक' नावाच्या हत्याराने सालीस छेद देऊन ती किंचित उचलतो व मुठीने पुन्हा ठोकून बसवितो, म्हणजे साल आणि लाकूड यांमध्ये एक लहानसा खिसा तयार होतो. घाव खोल गेला तर झाड खंगते. उथळ राहिला तर राळ येत नाही. तीन-चार महिन्यांनी तो पुन्हा येतो. एव्हाना खिशात पांढरी राळ गोठलेली असते. ती तो 'आगात' नावाच्या सुरीने सालीसकट अलगद काढून घेतो. हा पहिला तोडा सर्वांत उत्तम. त्याच जखमेतून पुढे जी राळ पाझरते ती अधिक काळपट, अधिक सालमिश्रित, आणि भावाने उतरती.

बाताकांत अशी दंतकथा आहे की, हे झाड मूळची एक दुःखी मुलगी असून ऊद म्हणजे तिचे अश्रू. झाडापाशी रागाने बोलू नये, भांडून आलेल्याने त्यास हात लावू नये, अशी त्यांची समजूत आहे. आम्हांस ही समजूत निरर्थक वाटत नाही. रागावलेला हात खोल घाव घालतो हे कोणत्याही कारागिरास सांगावयास नको.

या मुलखाचे जुने बंदर बारूस. कापूर आणि ऊद या दोन जिनसांसाठी ते अरब, चिनी व हिंदी व्यापाऱ्यांत प्रसिद्ध होते. बारूसजवळ लोबु तुआ येथे शके 1010, म्हणजे इ. स. 1088, मधील एक तमिळ शिलालेख सापडला आहे. तो कोणा राजाचा नव्हे. तो व्यापाऱ्यांच्या संघाचा आहे. 'सहस्र दिशांचे पाचशे' असे स्वतःस म्हणविणाऱ्या श्रेणीने तो कोरविला, आणि त्यात जहाजांच्या नाखव्यांनी व इतरांनी कस्तुरीच्या भावाच्या प्रमाणात सोन्यामध्ये कर भरावा असा ठराव आहे. हे 'पाचशे' म्हणजे ऐहोळेचे पाचशे स्वामी. ऐहोळे हे आपल्या बेळगावच्या पूर्वेस, आजच्या बागलकोट जिल्ह्यात, मलप्रभेच्या काठी आहे. याच श्रेणीच्या दानांचे शिलालेख कर्नाटकात व दक्षिण महाराष्ट्रात ठिकठिकाणी असून, त्यांपैकी कित्येक दाने जैन बसदींना दिलेली आहेत. ज्या मलप्रभेकाठच्या गावाने आपले नाव नऊशे वर्षांपूर्वी उदाच्या बंदरापर्यंत पोहोचविले, त्याच मुलखात आज ऊद कोणत्या देशाहून येतो हे विचारले तर 'मुंबईहून' असे उत्तर मिळते, याचे आम्हांस थोडे हसू येते.

सुमात्री मालाच्या प्रती ठरविण्याची जुनी रीत मोठी बोलकी होती. व्यापारी त्यास डोके, पोट व पाय अशी नावे देत. पांढऱ्या स्वच्छ दाण्यांचा तो 'डोके', मधला तो 'पोट', आणि साल-कचऱ्याने भरलेला तो 'पाय'. एकोणिसाव्या शतकात जॉन क्रॉफर्ड याने या तिन्हींच्या किमतींचे प्रमाण 105, 45 व 18 असे दिले आहे. म्हणजे डोक्याच्या भावात पाय विकला तर विकणारास जवळजवळ सहापट मिळावयाचे. एवढा मोह समोर असता मिसळण झाली नसती तरच नवल. आणि ती झालीही. सुमात्री माल पुष्कळसा दाण्यांच्या रूपात बाहेर पडतच नाही. खालच्या प्रतीचा चुरा, साल व डमर जातीची राळ एकत्र करून, त्यात काही चांगले पांढरे दाणे बदामासारखे पेरून, त्याच्या विटा पाडितात. वीट फोडली की पांढरे ठिपके दिसतात आणि गिऱ्हाईक संतुष्ट होते. सिंगापूर ही या मालाची जुनी पेठ. तेथून तो हिंदुस्थानात व अरब देशांत येतो. अशी वीट विकणे हा अपराध आहे असे आम्ही म्हणत नाही. धुपाटण्यासाठी ती पुरेशी असते, आणि गरीब गिऱ्हाइकास तीच परवडते. मात्र ती 'अस्सल दाणा' म्हणून विकू नये.

सयामी उदाचे नाव सयामी असले तरी तो सयामात फारसा होत नाही. तो उत्तर लाओसच्या लुआंग प्रबांग, हुआफान, फोंगसाली या डोंगरी प्रांतांत होतो. पूर्वी तो बँकॉकमार्गे जगात जाई म्हणून त्यास बंदराच्या देशाचे नाव चिकटले, जसे आपल्याकडे मालवणच्या किनाऱ्यावरून आलेल्या कोणत्याही मिठास मालवणी म्हणावे तसे. हे झाड शेतीच्या मागोमाग येते. आपल्या कारवार-बेळगावच्या रानांत पूर्वी जिला कुमरी म्हणत, तशी जंगल जाळून एकदोन वर्षे भात पिकविण्याची शेती तेथील डोंगरी लोक करीत आले. भाताची कापणी होऊन जमीन पडीक टाकली की या झाडाचे बी रुजते आणि झपाट्याने वाढते. सहा-सात वर्षांनी झाड घाव सोसण्याजोगे होते. पावसाळा सरता सरता त्यास खाचा पाडतात, आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून दाणे काढून घेतात. एका झाडापासून एका हंगामात काहीशे ग्रॅमच माल मिळतो. पुढे झाड थकते, आणि शेतकरी त्या जमिनीवर पुन्हा भात पेरतो. ऊद हे तेथे भाताच्या दोन पिकांमधील पडीक वर्षांचे पीक होय. म्हणूनच लोकसंख्या वाढली, फिरत्या शेतीवर बंधने आली आणि पडीक ठेवण्याची मुदत तीन-चार वर्षांवर आली, की झाडास वयात येण्यास अवधीच उरत नाही. भाव चढला म्हणून पुढच्या वर्षी उत्पादन वाढेल असे या मालात होत नाही. आज रुजलेल्या बियाचा दाणा हाती यावयास सात-आठ वर्षे लागतात.

सयामी दाणा सुटा, बाहेरून पिवळसर ते तांबूस आणि फोडल्यास आत दुधासारखा पांढरा असतो. त्याचा वास व्हॅनिलासारखा गोड व सौम्य. सुमात्री मालाचा वास अधिक उग्र, मसालेदार, काहीसा शिलारसाकडे झुकणारा. हे अंतर रसायनात आहे. सयामी उदात बेंझोइक आम्लाचे एस्टर, त्यातही कोनिफेरिल बेंझोएट, प्रमुख. सुमात्री उदात सिनॅमिक आम्ल व त्याचे एस्टर भरपूर. दोहोंतही थोडे व्हॅनिलिन असते.

या दोन प्रतींमधील भेद पहिल्याने नीट लिहून ठेविला तो आपल्या गोव्यात, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात बेंजुईवर एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे. बदामी ठिपक्यांचा माल सयाम व मार्ताबानकडचा, काळसर माल जावा-सुमात्रेकडचा, आणि कोवळ्या झाडांपासून निघणारा अधिक सुवासिक माल 'फुलांचा ऊद' म्हणून ओळखतात, असे तो सांगतो. हा गृहस्थ ग्रीक-रोमन ग्रंथांवर विसंबून राहिला नाही; बंदरात येणाऱ्या व्यापाऱ्यांना विचारून आणि माल हातात घेऊन त्याने लिहिले. साडेचारशे वर्षांनंतरही त्याची मूळ विभागणी टिकून आहे.

आता सुगंधाच्या कारखान्यात या राळेचे काय होते ते पाहू. कनौजच्या देग-भपक्यातून गुलाब, केवडा, खस यांचा अर्क निघतो, तसा उदाचा निघत नाही. वाफेबरोबर उडून जाणारे तेल त्यात फारच थोडे असते. वास राळेच्या जड अंगातच बसलेला असतो. म्हणून राळ कुटून मद्यार्कात किंवा दुसऱ्या द्रावकात भिजत घालतात, साल-माती गाळून काढतात, आणि द्रावक उडवून देतात. मागे उरतो तो काकवीपेक्षाही दाट असा तपकिरी अर्क. इंग्रजीत त्यास रेझिनॉइड म्हणतात. तो इतका चिकट असतो की ओतणे कठीण. म्हणून व्यापारात तो बहुधा एखाद्या गंधहीन द्रवात पातळ करून विकला जातो. खरेदी करणारांनी अर्क किती व पातळ करणारा द्रव किती, हे विचारल्याखेरीज दोन दरपत्रकांची तुलना करू नये.

या अर्काचे काम दुहेरी आहे. एक तर त्याचा स्वतःचा उबदार गोडवा. आणि दुसरे, त्याहून महत्त्वाचे, धरून ठेवण्याचे. लिंबू, संत्रे, पुदिना यांचे सुवास हलके असतात व पाहता पाहता उडून जातात. उदाचे जड कण सावकाश उडतात आणि आपल्याबरोबर इतरांनाही रेंगाळावयास लावतात. आपल्या अत्तारांनी चंदनतेलाकडून जे काम घेतले, तेच युरोपच्या गंध्यांनी बऱ्याच अंशी अशा राळांकडून घेतले. पॅरिसच्या गेर्लां पेढीने 1925 मध्ये मोगल बागेचे नाव देऊन 'शालिमार' हे अत्तर काढले. त्याच्या तळाशी व्हॅनिलाच्या जोडीने उदाचा गोडवा आहे. त्याही आधी, 1885 पासून, फ्रान्समध्ये 'पापिए दार्मेनी' नावाच्या कागदाच्या पट्ट्या निघतात. उदाच्या द्रावणात भिजवून वाळविलेला तो कागद पेटवून विझविला की खोलीत सुवास पसरतो. आर्मेनियात लोक घरे ऊद जाळून शुद्ध करतात हे पाहून एका फ्रेंच गृहस्थास ही कल्पना सुचली. आपल्या घरी हजार वेळा पाहिलेली गोष्ट कोणी परका पट्टीवर छापून विकतो आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ त्यावर पेढी चालवितो, हे पाहून आपणांस हेवा वाटला तरी तो क्षम्य आहे.

औषधी पेटीतील 'टिंक्चर बेंझॉइन'ची तपकिरी बाटली आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. जखमेवर लावावयाचे, पट्टी चिकटवावयाचे, किंवा गरम पाण्यात घालून वाफ घ्यावयाचे ते औषध म्हणजे मद्यार्कातील ऊदच. तान्ह्या बाळास उदाची धुरी देण्याविषयी मात्र आम्ही एक शब्द लिहून ठेवितो : कोणताही धूर कोवळ्या फुप्फुसास चांगला नाही, असे आजचे वैद्यक सांगते. खोलीस सुवास हवा असेल तर बाळ दुसरीकडे असताना द्यावा.

उदाच्या नावाने रसायनशास्त्रात काय करामत केली तीही जाता जाता सांगण्याजोगी आहे. ऊद तापविला की पांढरे चमकदार स्फटिक वर चढतात. उत्तरेकडील अत्तार त्यास 'सत लोबान' म्हणतात. युरोपीय रसायनज्ञांनी त्यास बेंझोइक आम्ल नाव दिले. 1833 मध्ये मिट्शरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने हे आम्ल चुन्याबरोबर तापविले तेव्हा एक पातळ द्रव मिळाला. फॅरडेने 1825 मध्ये दिव्याच्या वायूच्या तेलकट गाळात शोधलेला द्रव तो हाच. मिट्शरलिखने उदावरून त्यास जे नाव दिले त्यातून आजचा 'बेंझीन' शब्द आला. म्हणजे रंग, औषधे व प्लास्टिक यांच्या अवघ्या आधुनिक उद्योगाच्या मुळाशी असलेल्या द्रव्यास बाताकांच्या झाडाचे नाव आहे.

याच रसायनशास्त्राने पुढे उदावर संकटही आणले. 1874 मध्ये व्हॅनिलिन कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि पुढे ते स्वस्त होत गेले. आता कोणत्याही राळेच्या चुऱ्यास चिमूटभर व्हॅनिलिन चोळले की नाकास क्षणभर सयामी उदाचा भास होतो. उदबत्तीचे तर सांगावयासच नको. आज बाजारातील पुष्कळशी उदबत्ती म्हणजे बांबूची काडी, कोळशाची भुकटी, चिकटपणासाठी जिगट, आणि वरून कृत्रिम सुगंधाचा रंगहीन द्रव. तिच्यात नाव तेवढे उदाचे उरले आहे. तीस कोणी फसवणूक म्हणणार नाही, कारण गिऱ्हाइकास उदाची अपेक्षाच राहिलेली नाही. परंतु जो गिऱ्हाईक चार पैसे अधिक मोजून 'ऊद द्या' म्हणतो, त्याची अपेक्षा आहे.

मग ओळखावे कसे? यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. दाणा पाण्यात खलून पाहावा. पाणी दुधाळ झाले तर तो कुंदुर किंवा सालई, कारण त्यांत पाण्यात मिसळणारा डिंक असतो. उदात तो नसतो. पुढे थोडा चुरा शुद्ध मद्यार्कात विरघळवावा. ऊद जवळजवळ पूर्ण विरघळतो व साल-कचरा तेवढा तळाशी राहतो. डमर राळ मिसळली असेल तर तिचा काही भाग न विरघळता पांढरट राहतो. याच द्रावणात पाणी घातले की ते दुधासारखे होते. युरोपातील स्त्रिया एके काळी ते तोंडास लावीत. चिराच्या झाडाची राळ म्हणजे रोझिन मिसळले असेल तर मात्र मद्यार्क ते पकडू शकत नाही, कारण तेही त्यात विरघळते. ते निखाऱ्यावर कळते : धुरास टर्पेंटाइनचा वास येतो आणि धूर काळा होतो. खरा ऊद पांढरा धूर देतो आणि तो घशास किंचित झोंबतो. ती झोंब बेंझोइक आम्लाची.

राहिला प्रश्न सुमात्री की सयामी हा. त्यासाठी औषधशास्त्रातील एक जुनी परीक्षा आहे व ती आम्हांस फार आवडते. विहिरीत टाकावयाचे जे जांभळे औषध, पोटॅशियम परमँगनेट, त्याच्या द्रावणात उदाची पूड घालून सावकाश गरम करावे. सुमात्री माल असेल तर कडू बदामाचा वास उठतो, कारण त्यातील सिनॅमिक आम्ल मोडून बेंझाल्डिहाइड तयार होते. शुद्ध सयामी मालातून तो वास येत नाही. पाच मिनिटांचे काम आहे; आणि सयामी म्हणून चढ्या भावाने घेतलेल्या पेटीवर ते अवश्य करून पाहावे.

आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक बिलांवर 'लोबान नं. 1', 'लोबान नं. 2' एवढेच लिहिलेले असते. फ्रान्समधील ग्रासचा किंवा मुंबईचा सुगंधी अर्काचा कारखानदार या वर्णनावर माल घेत नाही. त्यास झाडाची जात, देश, हंगाम, मद्यार्कात न विरघळणारा भाग किती, एवढे लेखी हवे असते. हे लिहिण्यास काही खर्च येत नाही, आणि ज्याने ते लिहिले त्याची पेटी परत येत नाही. दुसरीही एक बाजू आहे. जेव्हा चांगला दाणा आणि विटेचा चुरा एकाच नावाने, थोड्याच फरकाने विकला जातो, तेव्हा तोटा केवळ गिऱ्हाइकाचा होत नसतो. तीन-चार महिने वाट पाहून पहिला पांढरा तोडा काढणाऱ्या बाताक किंवा लाओशी शेतकऱ्यास त्याच्या कसबाचे मोल मिळेनासे होते, आणि मग तो झाड राखण्याऐवजी तोडणाऱ्याच्या स्वाधीन करतो.

हे केवळ तर्काने लिहिलेले नाही. सुमात्रेच्या हुंबांग हासुंदुतान जिल्ह्यातील पांडुमान व सिपितुहुता या दोन गावांच्या ऊदबागांत 2009 मध्ये कागदाच्या लगद्यासाठी निलगिरी लावण्याकरिता झाडे तोडण्यात आली. सरकारदप्तरी ती जमीन लगदा कारखान्याच्या सवलतीत मोडत होती. गावकऱ्यांच्या दृष्टीने ती पूर्वजांची बाग होती. गावकरी उठले, बायका पुढे झाल्या, काहींना अटका झाल्या. अखेर डिसेंबर 2016 मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या गावांचे परंपरागत वन मान्य केल्याचे जाहीर केले. व्हिएतनाममध्ये तर सयामी उदाचे झाडच कागदाच्या लगद्यासाठी लावितात. झाड वेगाने वाढते, तोडले की रोख पैसा हाती येतो. राळेसाठी थांबावे कोणी?

शेवटी साठवणीविषयी दोन शब्द, कारण सभासदांपैकी काहींनी याविषयी पृच्छा केली होती. सयामी दाणा उष्णतेने मऊ पडून एकमेकांस चिकटतो, आणि मग सुट्या दाण्याचा ढेपा होऊन भाव उतरतो. पत्र्याच्या छपराखाली, वैशाखाच्या उन्हात त्याची पेटी ठेवू नये. तळघरात किंवा मातीच्या भिंतीच्या कोठीत, जमिनीपासून फळीभर उंच, उथळ पेट्यांत ठेवावा. पोत्यांवर पोती रचू नयेत. दाण्याचा पांढरा रंग दिवसेंदिवस पिवळा व मग तांबूस होतो, ते खराबीचे लक्षण नव्हे. जुन्या-नव्याची ओळख फोडल्यावर आतील रंगाने करावी. हिंग, कापूर व मिरची यांच्या शेजारी त्यास कदापि ठेवू नये.